शाळेचा हिशोब : व्हाउचर आपल्याकडे आधीपासूनच आहे

या सदराला एरवी शिष्यवृत्ती, दाखला, बदली असले प्रश्न येतात. या वेळी निम्मी पत्रं एकाच विषयावर निघाली. सरकारने शाळा चालवण्यात पैसा घालवण्यापेक्षा पालकांच्या हाती व्हाउचर द्यावं का? व्हाउचर म्हणजे फीची सरकारी चिठ्ठी. मूल ज्या शाळेत घालाल तिथे ती वटते. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात, लेखा शाखेत माझी नोकरी झाली. मी कधी शिकवलं नाही, शिकवणाऱ्यांची बिलं तपासली. त्यामुळे पुढची उत्तरं शिक्षणतज्ज्ञाची नाहीत, बिलं तपासणारीची आहेत.

प्रश्न : मुलगी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) सोडतीत इंग्रजी शाळेत लागली, आता तिसरीत आहे. मी टेम्पो चालवतो. शाळा म्हणते, 'सरकारकडून तुमच्या मुलीचे पैसे आले नाहीत, निदान ॲक्टिव्हिटी आणि स्मार्ट क्लासचे बारा हजार भरा, नाहीतर निकाल देणार नाही.' भरावे का? — एक पालक, चाकण

भरू नका, दादा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 3(2) काढून ठेवा. मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण करायला अडथळा होईल अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही, असं ते सांगतं. सरकारने शाळेचे पैसे दिले की नाहीत हा त्या दोघांमधला व्यवहार आहे. तुमची मुलगी त्यात जामीन राहिलेली नाही.

पण फाटकावर जाऊन भांडू नका, त्याने काही होत नाही. साध्या कागदावर मुख्याध्यापकांना विचारा की हे शुल्क कशाचं आणि कोणत्या आधारावर मागता, आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख, सही घ्या. पोच मिळाली की तीच प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, एक प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. माझा अनुभव असा, की लेखी मागणी करा म्हटलं की बऱ्याच शाळांचा आवाज खाली येतो. बारा हजारांची मागणी कुणालाच स्वतःच्या लेटरहेडवर नको असते.

आता शाळेचं रडगाणं खोटं आहे का? नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. कलम 12(1)(क) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळेने पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि सरकारने त्या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती, म्हणजे भरपाई, करायची. प्रतिपूर्ती किती, तर शाळेची फी किंवा सरकारचा दरडोई खर्च, यांत जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा आकडा वर्षाला 17,670 रुपये धरला गेला. दीड लाख फी घेणाऱ्या शाळेला हे पैसे उशिरा आले तर ती कुरकुर करते आणि बाकीच्या पालकांवर भार टाकून मोकळी होते. पण तालुक्याच्या गावात बारा-पंधरा हजार फी घेणाऱ्या, पत्र्याच्या शेडमधल्या शाळेचं काय? तिला फीएवढेच पैसे मिळायचे असतात आणि तेच थकले की तिथल्या शिक्षिकेचा पगार थकतो. थकबाकीचा फटका बसतो तो अशा शाळांना. आमच्याकडे मार्च अखेरीला तरतूद यायची, तीही मागणीच्या काही टक्के, आणि ती सगळ्या शाळांत वाटून टाकायची. वाटणीच्या दिवशी संस्थाचालक कार्यालयाबाहेर रांगेत असत. त्यातले काही जण गाडीतून उतरलेले होते, काही जण एसटीतून.

म्हणजे व्हाउचर कसं चालेल हे पाहायला चिली-स्वीडनला जायची गरज नाही. 25 टक्के म्हणजे व्हाउचरच, फक्त चिठ्ठी पालकाच्या हातात न देता सरकारच्या टेबलावर ठेवलेली.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक सांगते. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेत पूर्ण फी लागते. मुलगी तिसरीत आहे, तुमच्याकडे वेळ आहे. जवळची अनुदानित माध्यमिक शाळा कोणती, तिथे सेमी-इंग्रजी आहे का, हे आत्तापासून बघून ठेवा.

प्रश्न : आमची पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा. गेल्या वर्षी पट 63 होता. यंदा गावात इंग्रजी शाळेची व्हॅन येऊ लागली, चार मुलं गेली, पट 59 झाला. आता तिसरं पद अतिरिक्त ठरणार म्हणतात. उरलेल्या 59 मुलांचं काय चुकलं? — एक शिक्षिका, पाटोदा तालुका, जि. बीड

ताई, त्यांचं काहीच चुकलेलं नाही. तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी बाजूला काढून ठेवलं, कारण व्हाउचरच्या बाजूने बोलणारे लोक जी गोष्ट विसरतात ती यात आहे.

त्यांचं म्हणणं असतं, सरकारी शाळेला पैसा आपोआप मिळतो, मुलं असोत-नसोत. म्हणून पैसा मुलामागे जाऊ द्या, मग शाळा सुधारेल. ऐकायला बरं वाटतं. पण महाराष्ट्रात पैसा मुलामागेच जातो. पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात, त्याला आपण संच मान्यता म्हणतो. शाळेवरच्या खर्चात पगार सोडला तर उरतं किती? 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 25,000 रुपये. त्यात खडू, रजिस्टर, झाडू, वीजबिल आणि गळकं छप्पर. बाकी सगळा पैसा म्हणजे शिक्षक, आणि शिक्षक किती हे ठरतं पटावरून. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. चार मुलांची व्हॅन गेली आणि शाळेचा एक तृतीयांश पैसा गेला. एवढं कडक व्हाउचर कुठल्या देशात असेल मला माहीत नाही. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने छोट्या शाळांसाठी हे निकष आणखी आवळले आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, ते तुम्हाला मी काय सांगावं.

उलट बाजूही मी पाहिली आहे, म्हणून पट मोजूच नये असं म्हणणार नाही. जिथे डोक्यामागे पैसा असतो तिथे खोटी डोकी उगवतात. ऑक्टोबर 2011 मध्ये सगळ्या राज्यात तीन दिवस एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली, मतदानाला लावतात तशी. हजेरीपटावर भरलेले वर्ग बाकांवर अर्धे निघाले, काही संस्थांची तर फक्त कागदपत्रंच शिकत होती. त्यानंतर सरल हे मुलांच्या नोंदीचं पोर्टल आलं, आधार आलं, मूल खरंच आहे हे सिद्ध करायची पाळी आली. पालकांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या तर ही मंडळी गप्प बसतील असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं काढून वाचावीत.

तुम्हाला आज करता येण्याजोगं काम सांगते. 30 सप्टेंबरच्या पटात फक्त आधार वैध झालेली मुलं धरतात. नावात काना-मात्रेचा फरक, जन्मतारीख दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी, एवढ्यावरून मूल गळतं. 59 आहेत म्हणता, तर आधी पोर्टलवर वैध किती दिसतात ते बघा. गावात पाच-सहा वर्षांचं एखादं मूल कुठेच दाखल नाही असं आहे का? वाडीवर, वीटभट्टीवर, शेतमालकाच्या सालगड्याच्या घरी? दोन मुलं मिळाली की तुम्ही 61 वर आलात. यात लबाडी काही नाही, ती मुलं शाळेत असायलाच हवीत.

आणि तुमचा तालुका ऊसतोडीचा. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, म्हणजे सप्टेंबरात मोजलेली मुलं डिसेंबरात फडावर असतात. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत पाठवा. उशीर झाला तर आजी-आजोबांकडे मूल ठेवायला आईबापांना सांगून तुम्हीच थकाल. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. व्हॅनमधून गेलेल्या चार घरांकडे समितीतल्या आईलाच पाठवा. तुम्ही गेलात तर तुम्ही तुमची नोकरी वाचवायला आलात असं वाटेल.

प्रश्न : मी आयटीत आहे. प्राप्तिकरावर चार टक्के शिक्षण उपकर भरतो, वर दोन मुलांची तीन लाख फी. सरकारी शाळा मी वापरतच नाही. माझ्या वाट्याचा पैसा मला व्हाउचरने परत का देऊ नये? — एक वाचक, नाशिक

आधी आकडा नीट करू. तो चार टक्के उपकर पगारावर नसून करावर असतो. वर्षाला एक लाख कर भरत असाल तर उपकर चार हजार, आणि त्यात आरोग्यही आलं. 2004 मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर लागला, 2007 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का, आणि 2018 पासून दोन्हींच्या जागी चार टक्क्यांचा आरोग्य व शिक्षण उपकर. हा पैसा केंद्राकडे राहतो. इतर केंद्रीय करांसारखी त्याची वाटणी राज्यांना होत नाही. शिक्षकांचे पगार मात्र राज्य देतं, 2202 या लेखाशीर्षातून, म्हणजे मुख्यतः जीएसटी, पेट्रोलवरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क यांतून. हे कर तुम्ही भरता तसे तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशीही भरतात. साबण, चहा, मोबाइलचा रिचार्ज.

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात हाच हिशोब मांडला होता : सरकारी महसुलाचा मोठा भाग रयत घाम गाळून भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. तुमच्या मागणीत तो प्रवाह पुन्हा त्याच दिशेला वळतो, एवढंच लक्षात आणून देते.

दुसरं, मुलामागचा खर्च काढायची पद्धत. लोक सरकारी शाळांचा एकूण खर्च घेतात, मुलांनी भागतात आणि 'बघा, एवढ्यात तर चांगली खासगी शाळा मिळेल' म्हणतात. समजा दोन शिक्षकांचा मिळून पगार महिन्याला दीड लाख, वर्षाला 18 लाख. शाळेत 60 मुलं असतील तर मुलामागे 30,000 रुपये. तीच शाळा डोंगरातल्या वस्तीवर असेल, पट 15, तर मुलामागे एक लाख 20 हजार. शिक्षक तेच, पगार तोच. मग दुसरी शाळा उधळपट्टी करते म्हणायचं का? तिथली मुलं घेऊन जायला कुणाची व्हॅन येणार नाही, म्हणून तिथे सरकारी शाळा आहे.

तिसरं, तुम्हाला चिठ्ठी द्यायची तर पैसा नवा लागेल. तुमची मुलं आज सरकारच्या हिशोबातच नाहीत. ज्यांची मुलं आधीच खासगीत आहेत त्या सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, तर सरकारी शाळेतलं एक मूलही न हलता खर्च वाढेल. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने 2022 मध्ये अशी योजना सर्वांना खुली केली, तेव्हा सुरुवातीच्या अर्जांत बहुतेक मुलं सरकारी शाळेत नसलेलीच होती. तुमच्या तीन लाखांबद्दल मला सहानुभूती आहे, खरंच आहे. पण ते फी नियंत्रणाचं दुखणं आहे, त्यावर व्हाउचरची मात्रा चालणार नाही. चिठ्ठी 30,000 ची मिळाली तर पुढच्या वर्षी फी किती वाढेल, तुम्हीच अंदाज करा.

प्रश्न : मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर असतो. आमची मुलं परदेशात, नातवंडं तिथेच शिकतात. ज्येष्ठांना यातून सूट का नाही? — एक आजोबा, सांगली

आजोबा, तो 1962 च्या शिक्षण आणि रोजगार हमी उपकर कायद्याचा कर आहे. घर आहे म्हणून लागतो, घरात मूल आहे म्हणून नाही. तुमची मुलं शिकत होती तेव्हा बिनमुलांच्या शेजाऱ्यांनीही तो भरला असणार.

प्रश्न : मी बी.एड. करते. व्हाउचर मिळालेली मुलं खरंच जास्त शिकतात का? भारतात कुणी तपासून पाहिलं आहे का? — एक विद्यार्थिनी, लातूर

पाहिलं आहे, आणि चांगलं पाहिलं आहे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी 180 गावांत प्रयोग केला. काही गावांत सोडत काढून सरकारी शाळेतल्या मुलांना खासगी शाळेसाठी व्हाउचरं दिली आणि चार वर्षांनी तपासलं. तेलुगू आणि गणितात व्हाउचर मिळालेली आणि न मिळालेली मुलं सारखीच निघाली. हिंदीत खासगीतली पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवत होते. खासगी शाळेचा मुलामागचा खर्च मात्र सरकारीच्या एक तृतीयांशही नव्हता.

हे वाचून एक पक्ष म्हणतो, 'तेवढंच शिक्षण तिप्पट स्वस्त.' दुसरा म्हणतो, 'मग हलवून उपयोग काय?' बिलं तपासणारी म्हणून माझी नजर वेगळ्या ओळीवर जाते. तिथल्या खासगी शिक्षकाचा पगार सरकारी शिक्षकाच्या एक षष्ठांशाहूनही कमी होता. स्वस्ताई त्यातून आली. तू बी.एड. करते आहेस, तेव्हा हा आकडा तू वहीत लिहून ठेव. एक षष्ठांश पगारावर गावातली बारावी झालेली मुलगी चार वर्षं शिकवेल, लग्न झालं की जाईल, दुसरी येईल. राज्यभर असं चालेल का, हे मला पटत नाही. पण सरकारी शिक्षकाला सहापट पगार देऊन गणित तेवढंच येत असेल तर आमच्या बाजूलाही उत्तर द्यावं लागेल, आणि 'अशैक्षणिक कामं' हे त्याचं अर्धंच उत्तर आहे.

चिलीने 1981 मध्ये सगळ्या देशाला व्हाउचर लागू केलं. पुढे शाळांना वरून फी घ्यायला आणि मुलं निवडायला मोकळीक राहिली. ऐपतीप्रमाणे शाळा वेगळ्या पडत गेल्या. 2015 मध्ये कायदा करून ती फी आणि निवड बंद करायला घेतली. शाळा मूल निवडणार की मूल शाळा, हे आधी ठरवावं लागतं.

आणि महाराष्ट्राला शाळा-निवड नवी आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. संस्था शाळा काढणार, सरकार शिक्षकांचा पगार देणार, पालक वाटेल त्या शाळेत घालणार. अनुदान पद्धतीचं हे मूळ 1854 च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षण धोरणाच्या पत्रात आहे. कर्मवीरांच्या रयतपासून खेड्यापाड्यांतल्या हायस्कूलपर्यंत निम्मा महाराष्ट्र याच पैशावर शिकला. 2012 मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि नव्या शाळांना अनुदानाची वाट बंद झाली. निवड राहिली, पण पालकाच्या खिशातून. व्हाउचरवर एवढी चर्चा होते, अनुदान परत सुरू करा असं मात्र कुणी म्हणत नाही. पगार सरकारचा असला की मस्टर आणि सेवाज्येष्ठता यादीही तपासली जाते, हे त्याचं एक कारण असावं.

प्रश्न : सरकारी शाळा जवळ असेल तर खासगीत आरटीई प्रवेश नाही, असा नियम आहे ना? मग मुलाचा अर्ज भरून उपयोग आहे का? — एक आई, हडपसर

नियम होता, आता नाही. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट दिली होती. कर्नाटकाने आधी असंच केलं होतं आणि तिथे अर्ज एकदम आटले. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, 19 जुलै 2024 ला अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

तेव्हा अर्ज भरा. जातीच्या किंवा वंचित गटात बसत असाल तर उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकातून भरत असाल तर वर्षाला एक लाखाच्या आतला तहसीलदारांचा दाखला लागेल. तो आधी काढा, सोडत लागल्यावर धावपळ करू नका. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हे बंधन नाही, त्यामुळे यादीत त्यांचं नाव दिसलं नाही तर चूक समजू नका. दहा शाळांपर्यंत पर्याय देता येतात. नावाजलेलीच दहा नकोत, एक किलोमीटरच्या आतल्या आधी घाला, कारण प्राधान्य अंतराला आहे. सगळ्यांत महत्त्वाचं, नकाशावर घराची खूण स्वतः लावा. सायबर कॅफेवाला घाईत चौकावरच खूण लावून देतो आणि पडताळणी समितीत पत्ता आणि नकाशा जुळला नाही की लागलेला प्रवेश जातो. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा, आणि त्याची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची.